टेंबलाईचा रुसवा

ललित पंचमीच्या सकाळी कोल्हापुरातून तीन पालख्या टेंबलाईच्या टेकडीकडे निघतात. एक अंबाबाईची, एक तुळजाभवानीची आणि एक गुरुमहाराजांची. वाटेत ठिकठिकाणी विसावे होतात, आरत्या होतात, दारादारांत रांगोळ्या पडतात. टेकडीवर पोचल्यावर छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत पूजा होते आणि गुरव घराण्यातली एक कुमारिका त्रिशूळाने कोहळा भेदते. कोहळा फुटला की त्याचा तुकडा मिळवायला माणसं अक्षरशः तुटून पडतात. या रेटारेटीपायी पोलिसांना दरवर्षी कडं करावं लागतं. पंचमीचं नावच कोल्हापुरात कोहळा पंचमी पडलं आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी? एका रुसलेल्या देवीची समजूत काढण्यासाठी. कथा अशी, की अंबाबाईने केलेल्या कोल्हासुराच्या वधानंतर कामाक्ष नावाच्या दैत्याने योगदंडाच्या बळावर देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीने, म्हणजे आपल्या टेंबलाईने, युक्तीने तो दंड काढून घेतला आणि सगळ्यांना सोडवलं. पुढे विजयाचा सोहळा झाला, सगळ्या देवांना बोलावणी गेली आणि जिने सोडवलं तिचंच बोलावणं राहून गेलं. ती उठली आणि टेकडीवर जाऊन शहराकडे पाठ करून बसली. चूक ध्यानात आल्यावर अंबाबाईने कुणाला निरोप देऊन पाठवलं नाही. ती स्वतः लवाजम्यासह टेकडी चढून गेली. कोल्हासुराचा वध मला पाहायला मिळाला नाही, असं त्र्यंबोली म्हणाली, म्हणून तिच्यापुढे कोहळ्याच्या रूपाने तो पुन्हा करून दाखवला. तेव्हापासून दरवर्षी अंबाबाई येते.

माणसं एकत्र येऊन देव पुजतात तिथे भांडणं कशी होतात आणि कशी मिटतात, हे समजून घ्यायला मला या कथेइतकं जवळचं दुसरं काही सापडलेलं नाही. भांडण पैशावरून नाही, तत्त्वावरून नाही. बोलावणं राहिलं, एवढंच. आणि ते मिटलं कसं? जिच्याकडे मोठेपणा होता ती चालत गेली आणि हुकलेली गोष्ट पुन्हा घडवली. एकदा मिटवून विषय संपला असंही झालं नाही. दरवर्षी जावं लागतं.

ग्रामदैवतांच्या उपासनेला एक धर्मग्रंथ नसतो, एक धर्मगुरू नसतो, सभासदांची नोंदवही नसते. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी अशा जुन्या देवांना मानणाऱ्यांना ‘पेगन’ म्हटलं. तो शब्द लॅटिनमधल्या ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्याचा मुलूख या शब्दावरून आला आहे. म्हणजे शब्दशः गावाकडचे. आपल्याकडे जोतिबा, बिरदेव, टेंबलाई, म्हसोबा यांच्याभोवती जमणारी माणसं अशीच आहेत. ग्रंथ नसल्यामुळे ‘अमुक पानावर असं लिहिलंय’ म्हणून वाद तोडता येत नाही, आणि वरचा अधिकारी नसल्यामुळे दादही मागता येत नाही. तरीही हे उत्सव शतकानुशतकं चालले आहेत. ते ज्या चलनावर चालतात त्याचं नाव आहे ‘मान’.

मान म्हणजे नेमकं काय, ते चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर दिसतं. कोल्हापूरच्या वायव्येला सतरा-अठरा किलोमीटरवरचं हे जोतिबाचं ठाणं. आज दिसणारं मुख्य देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. चैत्र यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या इथे येतात. दोन मजली घराहून उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, बाजूंनी बांधलेले दोर. एक गडी काठी खांद्यावर, कमरेवर, कधी तळहातावर तोलून हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते. पण दोर धरणाऱ्यांकडे एकदा नीट बघा. एकाने ताण जास्त दिला की काठी त्याच्या अंगावर येते, एकाने ढिलावला की पलीकडे कलते. ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण बोलून ऐकू जाणार नाही इतका ‘चांगभलं’चा गजर चालू असतो. गुलालाने डोळे अर्धे मिटलेले असतात. दोराचा ताण हातालाच कळतो. काठी नाचवणारा दमला की दुसरा आत शिरतो, आणि त्या अर्ध्या क्षणात काठीचा सगळा भार दोरकऱ्यांवर असतो.

या काठ्यांचा क्रम ठरलेला आहे. मानाच्या काठ्या शंभराच्या आसपास. त्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा, त्यामागे पाटण तालुक्यातल्या विहे गावाचा, मग इतरांचा. कोल्हापूर हे एकेकाळचं राजधानीचं शहर, तरी पहिला मान कोल्हापूरचा नाही. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, या क्रमाचं एवढं काय? पण हा क्रम आहे म्हणून लाखोंच्या गर्दीत, अरुंद वाटेवर, ‘आधी कोण’ या एका प्रश्नावर डोकी फुटत नाहीत. प्रश्न आधीच सुटलेला असतो. पाडळीकरांना पहिला मान आहे म्हणून विह्याचे लोक स्वतःला कमी समजत नाहीत. त्यांचाही मान आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला घेता येत नाही.

जुन्या व्यवस्थेची खरी हुशारी इथे आहे. तिने मोठेपणाचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा असा केला की त्याच्यावाचून काम अडावं. वाजंत्री एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे, अब्दागिरी तिसऱ्याकडे, पहिला नारळ चौथ्याकडे. पूजाही एकाच घराकडे बारमाही न ठेवता गुरवांच्या घरांत पाळीने फिरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भाकणूक सांगणारे फरांडेबाबा गावातले नसतात. ते सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून चालत येतात. गावाचे मानकरी त्यांच्यापुढे जाऊन सन्मानाने त्यांना घेऊन येतात. पाऊसपाण्याबद्दल आणि राजकारणाबद्दल देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार बाहेरच्याकडे, आणि त्याला आणण्याचा अधिकार गावाकडे. एकाच माणसाच्या हातात दोन्ही दिली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. धनगरांच्या दैवतांचा आयुष्यभर मागोवा घेणाऱ्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचं या परंपरेवरचं काम वाचताना जाणवतं, की या देवांचे अधिकार कसे चालत, भटकत, एकमेकांच्या भेटी घेत वाटले गेले आहेत.

मानावरून भांडणं झालीच नाहीत असं मात्र कुणी समजू नये. मराठेशाहीतले महजर आणि निवाडपत्रं मानपानाच्या तंट्यांनी भरलेली आहेत. पाटीलकी दोन भावांत वाटली की वडीलपणाचा मान कुणाचा, विडा आधी कुणाला, होळीला पोळी आधी कुणाची, पोळ्याला बैल पुढे कुणाचे, हे कलमवार लिहून घ्यावं लागे. गोतसभा बसत, साक्षी होत, प्रसंगी तापल्या तेलातून रवा काढण्याचं दिव्य करण्यापर्यंत गोष्ट जाई. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तेव्हाही वतनदारांचे हे हेवेदावे त्यांना ठसठशीतपणे दिसत होते. विड्यासाठी कुणी हात पोळून घेईल हे आज वेडेपणाचं वाटतं. पण विडा म्हणजे पान-सुपारी नव्हती. ‘मी या गावचा आहे आणि माझी जागा इथे आहे’ हे साऱ्या गावासमोर वर्षातून एकदा सांगणारी ती गोष्ट होती. ती गेली की माणूस गावात राहूनही गावाबाहेर पडे.

करवीर तालुक्यातल्या एका गावात हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिथली काठी दरवर्षी जोतिबाला जाते. गुढीपाडव्याला ती उभी करायची, आणि काठीला दोराची पहिली गाठ एका घराने मारायची, असा रिवाज. घर साधंच. दीडेक एकर जमीन, दोन म्हशी. त्या घरातले वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणत, पिढीजात ती गाठ मारत आले होते. मग गावात तरुणांची नवी समिती झाली. पोरं चांगली होती, कामाची होती. त्यांनी वर्गणीच्या पावत्या छापल्या, हिशेब मोबाईलवर ठेवला, सगळे निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. आप्पांकडे साधा फोन. पाडव्याच्या सकाळी सगळे जमले, ऊन चढायला लागलं, कुणीतरी म्हणालं, बांधून टाकू की, आणि एकाने गाठ मारली. आप्पा आले तेव्हा काठी उभी होती. ते देवाच्या पाया पडले आणि घरी गेले. एक शब्द बोलले नाहीत.

त्या वर्षी त्यांची भावकी डोंगरावर गेली नाही. पुढच्या वर्षी वर्गणी दिली नाही. तिसऱ्या वर्षी बोलणं सुरू झालं, की आपण आपली वेगळी काठी काढू. समितीच्या पोरांना शेवटपर्यंत कळेना, की झालं काय. ‘आम्ही त्यांना नाही म्हटलंच नव्हतं,’ ते खरंच सांगत होते. टेंबलाईलाही कुणी नाही म्हटलं नव्हतं.

नव्या मंडळांत हे वारंवार घडतं, आणि त्याचं कारण पोरांचा उद्धटपणा हे नसतं. जुने रिवाज कुणी लिहून ठेवलेले नसतात. ते माणसांच्या अंगात असतात. नवी व्यवस्था आली की ती कामं मोजते: कोण मंडप घालणार, कोण पावत्या फाडणार. मान तिच्या यादीत येतच नाही, कारण मानाला खर्च नाही. अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळीत काम करणाऱ्या जो फ्रीमन यांनी 1970 मध्ये एका भाषणात एक नेमकी गोष्ट मांडली होती: जो गट म्हणतो की आमच्यात कुणी पुढारी नाही, त्यात पुढारी असतातच, फक्त ते दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्याला जाब विचारता येत नाही. ‘आम्ही सगळे सारखेच’ म्हणणारं मंडळ बघितलं की मी आधी बघतो, ग्रुपवर शेवटचा निरोप कुणाचा असतो, आणि तिजोरीची किल्ली कुणाच्या खिशात असते.

परदेशात विसाव्या शतकात जुन्या देवांची उपासना नव्याने सुरू करणारे गट निघाले, त्यांची भांडणंही याच जातीची. इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्का पंथ पुढे आणला. 1951 मध्ये तिथला जादूटोण्याचा जुना कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. डोरीन व्हॅलिएंट या त्यांच्या गटातल्या प्रमुख पुजारीण. पंथाच्या प्रार्थनांचा मोठा भाग त्यांनीच लिहिलेला. गार्डनर वर्तमानपत्रांत फार बोलतात, त्यांनी आवरतं घ्यावं, असं व्हॅलिएंट यांचं आणि इतर काहींचं म्हणणं पडलं. त्यावर गार्डनर यांनी ‘जुने नियम’ म्हणून एक मसुदा पुढे केला. त्यात एक कलम असं, की वय झालेल्या पुजारिणीने तरुण पुजारिणीला जागा द्यावी. हे नियम जुने नाहीत, भांडणाच्या गरजेपोटी आत्ताच लिहिले आहेत, हे व्हॅलिएंट यांच्या लगेच ध्यानात आलं. 1957 मध्ये त्या आणि त्यांच्या बाजूची माणसं बाहेर पडली. गट फुटला.

ही गोष्ट मला फार शिकवून गेली. भांडण चालू असताना लिहिलेला नियम हा नियम राहत नाही, तो एका बाजूचा डाव होतो. आपल्याकडेही ‘आमच्या पंजोबांच्या वेळेपासून असंच आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा तंटा पेटल्यावरच ऐकू येतं. म्हणून मंडळांतल्या पोरांना मी एकच व्यवहारी गोष्ट सांगतो. यात्रा होऊन गेली, सगळे खुशीत आहेत, तेव्हा बसा आणि कुणाचा काय मान आहे तो वहीत लिहा. म्हाताऱ्यांना बोलावून, चहा देऊन, विचारून लिहा. हिशेब मात्र वहीत ठेवू नका, तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहा. कोल्हापूरच्या पेठांत तसे फळे आहेतच, त्यांचा उपयोग करा. आणि उत्सवाचा अध्यक्ष दरवर्षी बदलायची चाल अनेक मंडळांत आहे, ती मोडू नका. कुणी कितीही चांगला असो. चांगल्या माणसासाठीच ती चाल मोडते, आणि मग त्याच्या मागून येणाऱ्याला उठवता येत नाही.

घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं, की गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या जुन्या व्यवस्थेत, तंटा मिटवण्याच्या आणखी दोन रीती दिसतात. एक कौल. देवाच्या मूर्तीला फुलं किंवा तांदूळ लावायचे, उजवीकडचं पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. कौलाने निर्णय झाला की हरलेल्याला ‘अमक्याने मला हरवलं’ असं वाटत नाही, देवाने ठरवलं एवढंच राहतं. अर्थात कौल लावणाऱ्याचे हात कुणाचे, हा प्रश्न उरतोच. दुसरी रीत मला जास्त मोलाची वाटते: गाऱ्हाणं. गावाचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो. काय चुकलं असेल, कुणाचा रिवाज राहिला असेल, कुणी दुखावलं असेल, ते नाव न घेता पदरात घे म्हणतो, आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याने चूक केली तोही म्हणतो, जो दुखावला तोही म्हणतो. एकमेकांची तोंडं न बघणारी दोन माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीला होकार देतात. नाव घेऊन माफी मागायला ज्याची जीभ रेटत नाही, त्याच्यासाठी ही केवढी सोय!

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. रुसवा आणि अन्याय यांत फरक आहे. रुसवा म्हणजे ज्याचा मान होता त्याचा राहून गेला. अन्याय म्हणजे ज्याला मान कधी दिलाच नाही, किंवा मानाच्या नावाखाली अपमानाचं काम दिलं. रुसव्यावर समजूत हा उपाय आहे. अन्यायावर समजूत काढणं म्हणजे दुसरा अन्याय.

कोल्हापूरने हा धडा राजर्षी शाहू महाराजांच्या काळात घेतला. 1899 च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी खुद्द छत्रपतींसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे, म्हणत असल्याचं उघड झालं. महाराजांनी सुरुवातीला समजुतीने घेतलं, राजोपाध्यांना वेळ दिला, सांगून पाहिलं. ऐकत नाहीत म्हटल्यावर 1902 मध्ये त्यांचं वतन जप्त केलं. पुढे पुरोहित शिकवून तयार केले आणि 1920 मध्ये क्षात्र जगद्गुरूंचं पीठच उभं केलं. त्यांनी स्वतःच्या अपमानापुरता विषय संपवला नाही, हे महत्त्वाचं. 1918 मध्ये त्यांनी महार वतनं रद्द केली. गावाच्या उत्सवात मेलेलं जनावर ओढणाऱ्याला, येसकरी करणाऱ्याला ‘तुझाही मान आहे’ म्हणून भाकरतुकडा देणं, हा मान नव्हता. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी जमलेल्यांना सांगितलं, की तुमचा पुढारी तुम्हाला आंबेडकरांच्या रूपाने मिळाला आहे. राजाने स्वतः पुढारी न होता पुढारीपण योग्य माणसाकडे सोपवण्याची ही गोष्ट मला नेतृत्वावरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठी वाटते.

याच शहरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाण्यासाठी 2011 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये संघर्ष झाला. 2017 मध्ये देवीला घागराचोळी नेसवण्यावरून शहर पेटलं, आणि 2018 मध्ये पगारी पुजारी नेमण्याची तरतूद करणारा कायदा विधिमंडळाने केला. त्यातल्या प्रत्येक बाजूबद्दल माणसांची मतं तीव्र आहेत, माझीही आहेत. पण ज्यांनी स्त्रियांच्या प्रश्नाला ‘थोडी समजूत काढू, शांत होतील’ असं घेतलं, त्यांनी अन्यायाला रुसवा समजण्याची चूक केली. तिथे पालखी नेऊन भागणार नव्हतं. तिथे दार उघडायला हवं होतं.

आप्पांच्या गावातला प्रश्न मात्र रुसव्याचाच होता. चौथ्या वर्षी, पाडव्याच्या आठ दिवस आधी, समितीचा त्या वर्षीचा अध्यक्ष आप्पांच्या घरी गेला. गावातल्या एका जाणत्या बाईने त्याला सांगितलं होतं, की पंच घेऊन जाऊ नको, एकटा जा आणि नारळ घेऊन जा. पंच नेले असते तर निवाडा झाला असता, आणि निवाड्यात कुणीतरी हरतं. तो गेला. मी बरोबर होतो, पण दारातच थांबलो. आप्पा गोठ्यात होते. पोराने ओसरीवर नारळ ठेवला, पाया पडला आणि म्हणाला, ‘आप्पा, आमचं चुकलं. पाडव्याला तुमच्याशिवाय काठी उभी न्हाई करायची.’

आप्पा बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग आतल्या बाजूला बघून म्हणाले, ‘च्या टाका की, दोन माणसं आल्यात.’ चहा झाला. पाण्याबद्दल बोलणं झालं, उसाच्या तोडीबद्दल झालं. काठीचं नाव कुणीच काढलं नाही. पोरगा उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की जमलं की नाही हे त्याला कळलेलं नाही.

पाडव्याला उन्हं यायच्या आत आप्पा हजर होते. डोक्याला धुतलेला फेटा. पोरांनी दोराचं भेंडोळं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि खाली टाकलं.

‘हे काय आणलंयसा? नायलॉन? हाताला कापतंय हे. जावा, सुती आणा.’

एक जण पळत गेला. बाकीचे सगळे, हलगीवाल्यासकट, काठीभोवती उभे राहून वाट बघत राहिले.